तीन टिंबं
इंजिनचे जोड बंद करायच्या सीलंटची ट्यूब उघडली की तो आंबूस वास येतो आणि मला नाशिक रोडच्या आमच्या पत्र्याच्या गॅरेजमधली एक दुपार आठवते. समोर जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं इंजिन उघडलेलं होतं. आधीच्या मेकॅनिकने लाल सीलंट इतकं थापलं होतं, की ऑइलची वाट बुजून बेअरिंग जळाली होती. बेअरिंगची झाकणं पुसता पुसता माझे हात थांबले. प्रत्येक झाकणावर पंचाने ठोकलेली तीन टिंबं होती. ती माझ्या सासऱ्यांची खूण. काम त्यांनीच शिकवल्यामुळे माझीही तीच. गॅरेज त्यांचं, आणि मी राहायचोही त्यांच्याच घरात. ते मागे स्टुलावर चहा पीत बसले होते. गाडी नुकतीच विकत घेतलेले मालक वाकून म्हणाले, "अशी टिंबं तुम्हीच मारता ना? मग हे काम कुणाचं?" हे इंजिन मी याआधी कधीच उघडलं नव्हतं. मी सासऱ्यांकडे पाहिलं. डोक्यावर पत्रा तापून कडकडत होता. त्यांनी बशी सावकाश खाली ठेवली. "जावयाचंच. नवीन होता तेव्हा." मालक माझ्याकडे बघत राहिले. मी हो म्हटलं आणि सीलंट खरवडायला लागलो. आता सासरे नाहीत, गॅरेज माझं आहे. खूणही तीच ठेवली आहे, फक्त त्या दुपारपासून मी एक टिंब जास्त मारतो.