वकील लावायच्या आधी

"वकील लावला का?" मी विचारलं.

"नाही ना सायेब. कोर्टाची तारीख जवळ आली अन् आमच्या याइचा फोनच लागत नाही. तेच त सांगून राहिली."

"बरं झालं," मी म्हणालो. वैशाली माझ्याकडे बघतच राहिली.

वरुडकडे तिची संत्र्याची बाग. नवरा किशोर सैन्यात, बर्फाच्या भागात ड्युटीवर. चुलतसासऱ्यांनी, म्हणजे काकाजींनी, त्याच्यावर दिवाणी दावा लावला होता. बागेत जायची वाट त्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून होती. वाट आमची, तुमचा हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. किशोर हजर झाला नसता तर निकाल एकतर्फी लागण्याची भीती होती.

मी स्वतः फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो आणि अमरावतीच्या सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक म्हणून लागलो. आमच्याकडे लोक बहुतेक मुलांची शिष्यवृत्ती नाहीतर वसतिगृह विचारायला येतात. ही केस वेगळी होती. ट्रेनिंगमध्ये एका कायद्याबद्दल ओझरतं ऐकलं होतं, जवानानं वकील लावलेला नसावा एवढंच आठवत होतं; वापरायची वेळ कधी आली नव्हती. खरं सांगायचं तर मलाच उत्सुकता लागली. दुपारी ओळखीच्या वकिलांना गाठलं.

"आहे असा कायदा," ते पुस्तक काढत म्हणाले. "जवान कठीण भागात ड्युटीवर असेल, कोर्टात येऊ शकत नसेल, तर कोर्ट केस थांबवतं. पण त्याच्या वतीनं कोणी उभं नसेल तरच. वकीलपत्र दिलं असतं तर अवघड होतं."

"कोर्टाला कळवायचं कोणी?"

"कलेक्टर कळवू शकतात. त्याच्या युनिटकडून दाखला आणा."

युनिटशी संपर्क झाला, दाखला आला, कलेक्टर ऑफिसमधून कोर्टाला कळवलं गेलं. केस थांबली. मी खुशीत वैशालीला फोन केला.

"केस थांबली सायेब, पर संत्रं थांबते काय? काकाजीनं वाटंवर तार मारली. मृगाचा बहार झाडावर पिकून राह्यला. व्यापारी म्हणते, गाडी जाईन तवाच सौदा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सवलत जवानाला होती, बागेला नव्हती.

पुन्हा विचारपूस केली. शेताची वाट अडवली तर तहसीलदार जागा पाहून आदेश देऊ शकतात, दिवाणी कोर्टाची वाट बघावी लागत नाही. वैशालीनं अर्ज केला. पाहणीच्या दिवशी मीही गेलो. काकाजी तारेजवळच उभे होते.

"पोरगा फौजेत गेला म्हणजे सारं त्याईचंच काय?" त्यांनी थेट मलाच विचारलं. "मले त सांगा, माहं कोण ऐकते?"

प्रश्न चुकीचा नव्हता.

"हा कायदा किशोरला जिंकवत नाही," मी म्हणालो. "त्याचं ऐकून घेतल्याशिवाय निकाल लागू देत नाही, एवढंच."

"मंग तो आल्यावर माहं बी ऐकतीन?"

"तुमचंही ऐकतील. दावा तर तुमचाच आहे."

तहसीलदारांचा पंचनामा चालूच होता. काकाजींनी खिशातून पक्कड काढली आणि स्वतःच तार सोडायला लागले.

"बहार निंगेपर्यंत," ते वैशालीला म्हणाले. "समजलं काय? तेवढ्यापुरतंच."

"हो काकाजी," ती म्हणाली, आणि घाईघाईनं व्यापाऱ्याला फोन लावायला बाजूला गेली. संत्री बाजारात गेली.

किशोरची पोस्टिंग बदलली, तो सुट्टीवर आला आणि केस पुन्हा सुरू झाली. आता त्यानं वकीलही लावला. साक्षी झाल्या. निकाल काकाजींच्या बाजूनं लागला. त्या वाटेनं जाणं आजवर परवानगीनं होतं, हक्कानं नव्हे, असं कोर्टानं म्हटलं. किशोरनं नाल्याच्या अंगानं लांबची वाट मुरूम टाकून तयार केली.

परत ड्युटीवर जाण्याआधी तो ऑफिसात आला. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

"हारलो सायेब," तो म्हणाला. "पर मले जे सांगाचं होतं ते जजसायबाले सांगतलं. मी वर बर्फात असताना हारलो असतो, त घरी येऊन काकाजीच्या दारात कसा बसलो असतो?"

"आता बसतोस?"

"काल त्याइच्याकडंच जेवलो."

तेव्हापासून जवानाच्या घरचं कोणी कोर्टाची नोटीस घेऊन आलं की मी पहिला प्रश्न तोच विचारतो, वकील लावला का? सवलत मिळाली म्हणजे जिंकलात असं नव्हे, हेही लगेच सांगून टाकतो. अर्धे लोक नाराज होतात. मग त्यांच्यासाठी चहा मागवतो.