मागच्या डिकीतलं दही

इकडे परदेशात, बेलव्ह्यूत, आमच्या शेजाऱ्याकडे लाल स्पोर्ट्स कार आहे. इंजिन सीटच्या मागे आणि त्याच्याही मागे छोटी डिकी. लोक स्पीड विचारतात. तो म्हणतो, “मागची डिकी मस्त गरम राहते यार.”

गेल्या हिवाळ्यात नागपूरहून आलेली त्याची आई सारखी म्हणायची, “तुमच्या या थंडीत दहीसुद्धा लागत नाही रे.” मग तो विरजलेलं दूध शालीत गुंडाळून त्या डिकीत ठेवायचा आणि इतक्या हळू ऑफिसला जायचा, की वळणावर सायकलवालेही पुढे निघून जायचे. संध्याकाळी आईसमोर घट्ट दही.

आई नागपूरला परत गेली. तो स्वतः दही खात नाही. तरी दर शुक्रवारी संध्याकाळी आमची बेल वाजते. भांडं पुढे करून तो म्हणतो, “बघा, आजही लागलं.”