फरशी वाजवणारे दाजी

जमिनीकडे पाहत इतकं आयुष्य काढलेला माणूस आमच्या दाजींखेरीज अख्ख्या नाशकात दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. एका बिल्डरकडे ते फरशीकाम तपासतात. नव्या इमारतीत टाइल बसल्या की दाजी गुडघ्यांवर बसून एकेक टाइल रुपयाच्या नाण्याने वाजवतात. खणखणीत वाजली तर खाली सिमेंटचा माल भरलेला, बद्द वाजली तर आत हवा. बद्द वाजणारीवर लाल खडूची फुली पडते आणि मिस्तरीला ती उखडून पुन्हा बसवावी लागते. काम एवढंच. पण ते संध्याकाळी सुटलं तरी दाजी त्यातून सुटत नाहीत.

कुणाच्या घरी गेले की चप्पल काढून ते जरा वेळ दारातच उभे राहतात. यजमानांना वाटतं पाहुणे संकोचलेत. दाजी तळव्याने दोन टाइलांमधला उंचसखलपणा चाचपत असतात. नाशिक रोडला माझ्या मावसभावाकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा हे हात धुवायला म्हणून गेले ते बाहेरच येईनात. आतून तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज, मग शांतता, पुन्हा पाणी. वहिनींनी काळजीने ओव्याचं पाणी करून ठेवलं. दाजी बाहेर आले, ओव्याचं पाणी निमूटपणे प्यायले आणि म्हणाले, "उतार उलटा आहे. पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येतंय." एका वास्तुशांतीला त्यांनी सत्यनारायणापुढे इतका वेळ माथा टेकला की गुरुजींनाही गहिवरून आलं. उठता उठता माझ्या कानाशी लागले, "साडूभाऊ, चौरंगाखालच्या दोन पोकळ आहेत."

मला त्यांची लाज वाटायची, हे लपवण्यात अर्थ नाही. कुणी काहीही दाखवलं की "छान आहे" म्हणायचं, अशी माझी सवय. त्या सवयीने मी कुणाचं मन कधी दुखवलं नाही आणि बहुधा कुणाच्या उपयोगीही पडलो नाही. दाजींबरोबर चारचौघांत गेलो की मी दोन पावलं मागे राहायचो.

साइटवरचे मिस्तरी मात्र त्यांना तोंडावर बोलायचे. सिन्नरकडचा एक जुना मिस्तरी तर रोज चिडवायचा, "अवो साहेब, लोकं या फरशीवर चालणार हायेत. तिला वाजवणार नाय कुणी!"

दाजी फुली मारता मारता म्हणायचे, "चालताना एखाद्या बाईच्या हातून बत्ता पडेल, पोकळ टाइल फुटेल. ती बिचारी जन्मभर बत्त्याला दोष देत बसेल."

गेल्या वर्षी पाथर्डी फाट्यावर आम्ही फ्लॅट घेतला, तो दाजींच्याच बिल्डरचा. ताबा मिळण्याआधीची तपासणी बघायला मी गेलो, तर हॉल लाल फुल्यांनी भरला होता. बेडरूमही तशीच. दाजी वाजवत होते आणि पुटपुटत होते, "बद्द. हीसुद्धा बद्द." मला प्रत्येक टाइल खणखणीत ऐकू येत होती. काम त्याच सिन्नरच्या मिस्तरीचं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

साइट इंजिनिअर आला. दाजींनी हट्टाने एक टाइल फोडायला लावली. खाली माल गच्च भरलेला होता, छिन्नीलाही दाद देत नव्हता. दुसरी फोडली, तीही तशीच. मिस्तरीने हातोडी खाली ठेवली. इंजिनिअर आवाज चढवून, पण अदबीने म्हणाला, "काका, असं होत असेल तर उद्यापासून घरी आराम करा. मी वर सांगतो."

दाजींनी हे ऐकलं. नाणं मुठीत धरून ते स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेलो. ओट्यापासून दारापर्यंत ते पुन्हा वाजवत आले, पण या वेळी टाइलकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत.

"साडूभाऊ, मला सगळ्या सारख्याच ऐकू येतायत हो," ते हळूच म्हणाले. "तुम्ही सांगा."

'छान आहेत' हे शब्द जिभेवर आलेच होते. मी ते गिळले आणि त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसलो. खणखणीत, खणखणीत, खणखणीत. सिंकखालची वाजली आणि मी त्यांचा हात धरला. "दाजी, ही बद्द."

मिस्तरीने ती उचलली तर चार कोपऱ्यांत सिमेंटचे चार गोळे आणि मध्ये नुसती हवा. घाईच्या दिवशी सगळेच मिस्तरी करतात तसं. इंजिनिअर वाकून बघत राहिला.

दाजी ताडकन उभे राहिले. "म्हणालो होतो ना पोकळ आहे म्हणून?" म्हणाले ते खरं होतं. त्यांनी अख्खं घरच पोकळ ठरवलं होतं.

इंजिनिअर माझ्याकडे वळला. मी काही बोलायच्या आत मिस्तरी, खाली मान घालून सिमेंटचे गोळे खरवडता खरवडता, म्हणाला, "कान लय पक्का हाय साहेबांचा. आपली चोरी नाय लपत."

इंजिनिअरने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि "बरं, चालू द्या," म्हणत जिना उतरून गेला.

दाजी माझ्याकडे झुकले. "काय म्हणाला तो मिस्तरी?"

मी त्यांच्या कानाजवळ तोंड नेलं आणि मिस्तरीचं वाक्य मोठ्याने पुन्हा म्हटलं.