तात्पुरता पत्रा

शिलाईवाल्या काकूंना गल्लीत सगळे ‘तारीखबाई’ म्हणत, आणि काकू खुशाल ओ देत. लाजायचं कशाला? कोर्टात जायची त्यांना काही हौस नव्हती आली. शेजारच्या सुताराने आपल्या कामाच्या जागेवर, अगदी काकूंच्या खिडकीसमोर, पत्र्याची शेड ठोकली आणि मशीनवरचा उजेड गेला. दिवसाढवळ्या दिवा लावायचा, तरी स्वतःच्याच हाताची सावली सुईवर. काळ्या कापडावर काळी टीप म्हणजे सगळं अंदाजपंचे. एक दिवस गिऱ्हाईक परत आलं, “काकू, बाही तिरकी गेलीय.” तिरकी! त्यांच्या हातची! काकू तडक कोर्टात.

निकाल त्यांच्या बाजूने लागला, शेड काढा म्हणून. पण निकाल लागला की उजेड आला असं ज्याला वाटतं, त्याने कोर्टाची पायरी अजून पाहिलेली नाही. सुताराच्या वकिलाने अपील टाकलं. ते फेटाळलं, तर त्याच्याही वरच्या कोर्टात दुसरं. मुद्दा काय? काही नाही! एकदा म्हणे काकूंची खिडकीच जरा जास्त मोठी आहे, एकदा म्हणे खालच्या कोर्टाने सुताराचं म्हणणं पुरेसं मन लावून ऐकलं नाही. हरणार हे वकिलालाही पक्कं ठाऊक. पण अपील आहे तोवर स्थगिती, आणि स्थगिती आहे तोवर पत्रा. कायद्यात याला काय म्हणतात ते म्हणोत, गल्लीत रडीचा डाव म्हणतात.

मुलगी वैतागायची. “आई, सोड ना आता. मशीन दुसरीकडे हलवू.”

“मी का हलवू? सूर्याने जागा बदललीय का?”

तारखेला काकू पिशवीत काज-बटणांचं काम घेऊन जात. कोर्टाच्या व्हरांड्यात झकास उजेड. पुकारा होईपर्यंत शर्ट हातावेगळे होत. सुतारही तिथेच, त्याच बाकावर. बाक डुगडुगायचा. त्याला ते बघवेना. एकदा त्याने घरून लाकडाची चीप आणली आणि पायाखाली अशी बसवली की बाक जागचा हलेना.

“माझी खिडकी सोडून जगाचं सगळं नीट करतोस,” काकू म्हणाल्या.

“काकू, तुम्ही फक्त बटणं लावा.”

दुसऱ्या अपिलाच्या सुनावणीत वकिलाने न्यायाधीश बाईंपुढे नवीनच टूम काढली. “शेड मुळात तात्पुरती आहे, बाईसाहेब. चार-दोन खिळ्यांवर टेकवलेला पत्रा. वाऱ्याने हलतो, उजेड येत-जात राहतो.”

मागून सुतार ताडकन उठला. “कोण म्हणतं खिळे? बोल्ट मारलेत बोल्ट! खाली रबरी चकत्या आहेत. पाण्याचा थेंब आत येत नाही. वादळ येऊ दे, पत्रा कण्हणारसुद्धा नाही!”

वकील त्याची बाही ओढत होता. “अहो, बसा खाली.”

“बसतो. पण माझ्या कामाला तात्पुरतं म्हणायचं नाही!”

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे शेड पक्की आहे?”

“पक्की म्हणजे? बघायला या!”

अपील तिथेच आडवं झालं. दम नसलेली अपिलं आणून दुसऱ्याचं काम का अडवता, म्हणून वकिलाची खरडपट्टी निघाली ती वेगळीच. स्थगिती उठली. काकूंना हसू आवरेना, पण सुताराचा राग त्यांना मनापासून पटला होता. आपल्या शिवणीला कुणी कच्चा धावदोरा म्हटलं असतं, तर आपणही अशाच उठलो असतो.

शेड काढायला सुतार स्वतःच शिडीवर चढला. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देईना. बोल्ट काही केल्या सुटेनात. घाम पुसत, स्वतःच्याच कामाला शिव्या घालत तो एकेक पत्रा उतरवू लागला. खिडकीच्या आत काकू मशीनवर बसल्या होत्या. ऊन आधी चाकावर आलं, मग कापडावर. काळी टीप लख्ख दिसायला लागली. काकूंनी पाय जोरात चालवला.

“खूश होऊ नका एवढ्या,” शिडीवरून आवाज आला. “अजून वरचं कोर्ट आहे म्हणे.”

“जा की. पण आधी तो डावीकडचा पत्रा काढ, सुईवर सावली पडतेय.”

“काढतोय, काकू, काढतोय!”