तिलवाऱ्याच्या घाटावर मोजलेली वीज

सांगलीहून निघताना आईने ताईसाठी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. जबलपूर येईपर्यंत तिचं तेल माझ्या वळकटीत मुरलं. पाकिस्तानशी लढाई सुरू होती. फौजी गाड्यांना आधी वाट मिळे आणि आम्ही आपले स्टेशनास्टेशनावर ताटकळत बसायचो. मदन महल स्टेशनाबाहेर भाऊजी टांगा घेऊन उभे होते. कारखान्यात तयार झालेल्या तोफा डागून पाहण्याचं काम ते करत.

"चलो, तुझी ताई सकाळपासून वाट पाहून राहिली!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की हमालही वळून पाहू लागला.

दिवसभर शहरात धडाम्-धूम चालूच. रेंज (तोफा डागायचं मैदान) बरीच दूर, तरी ताईच्या फळीवरचे डबे किणकिणत. मी दचकलो की ती हसे. "घाबरतो काहून? तोफ आहे ती. इथे कोणी मान वर करून पाहत नाही."

तिन्हीसांजेला लढाईमुळे दिवे झाकले की क्वार्टरांतली माणसं बाहेर ओट्यावर बसत. पावसाळा सरत आला होता, लांबवर विजा चमकत. मग भाऊजींची करामत सुरू होई. वीज दिसली की आकडे मोजायचे, गडगडाट झाला की थांबायचं; पाच आकड्यांना एक मैल. "दस! दो मील!" शेजारी वाहवा करत. ताई मात्र दर वेळी त्यांना खेटून, पाठीवर हात टेकून बसलेली. एकदा ती पोळ्या लाटत असताना मी तिला छेडलं, "अजून नवऱ्याच्या पाठीवरचा हात निघत नाही का गं?"

ती हसली नाही. "त्यांना ऐकू येत नाही रे. तोफांनी कान गेले. गडगडलं की मी पाठीवर बोट दाबते. पुढच्या महिन्यात डॉक्टर कान तपासून राहिले. कळलं तर नोकरी जाईल, क्वार्टर जाईल. कुठे बोलू नको."

रविवारी तिलवाऱ्याला गेलो. नर्मदा गढूळ, दुथडी भरलेली. घाटावर गक्कड-भर्ता (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचं भरीत) खाऊन माझी बोटं पोळली. भाऊजींचे कारखान्यातले दोघे सोबती तिथेच भेटले. ताई बायकांबरोबर पाण्यात उतरली.

पलीकडे आभाळ काळं झालं. वीज लखलखली आणि एका सोबत्याने हाक दिली, "हां जी, बताओ कितनी दूर?" भाऊजी मोजू लागले. चारला गडगडलं. ते मोजतच राहिले.

"भाऊजी, आवाज आला!" मी त्यांचा दंड धरला.

त्यांनी सोबत्यांकडे पाहिलं. "रेंजची तोफ आहे ती. तू नवा आहेस." सोबती हसले. जबलपुरात आवाज झाला की तोफच. पंधराला दुसरा, मोठा गडगडाट झाला; तेवढा भाऊजींनाही ऐकू आला. "तीन मील. नहाने दो आराम से."

मी तरीही ताईला हाका मारत पायऱ्या उतरू लागलो. तिने वर पाहून हात केला. तेवढ्यात वीज घाटावरच पडली.

बाकीच्या बायका रडत, धडपडत बाहेर आल्या. ताईला उचलून आणावं लागलं. भाऊजी तिचे तळहात चोळत राहिले, थंड पडले तरी चोळत राहिले. मला त्यांचा संताप येत होता आणि त्यांच्याकडे पाहवतही नव्हतं.

तेराव्यानंतर मी निघालो. लढाईच्या दिवसांत रजा कुठली? भाऊजी दुसऱ्याच दिवशी तोफेवर जाणार होते. सोबत्यांसह ते मला गाडीवर पोचवायला आले. मी खिडकीशी बसलो तेव्हा त्यांनी गज धरले.

"खरं सांग. त्या दिवशी आवाज कितीवर आला होता?"

आईला काय सांगायचं, या विचारात मी बारा दिवस जळत होतो. पण समोर ती दाढी वाढलेली, सुकलेली मुद्रा. "पंधरावर," मी हळूच म्हणालो.

ते खिडकीत आणखी वाकले. "इंजिनाच्या शिट्टीत ऐकू नाही आलं. पुन्हा सांग."

सोबती एकमेकांकडे पाहू लागले. इंजिनाने शिट्टी दिलीच नव्हती. मी उठून खिडकीबाहेर तोंड काढलं आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ओरडलो, "पंधरा, भाऊजी! या शिट्टीत मलाही काही ऐकू येत नाही!"