पुलावरचा टप्पा

नासिर मिस्त्रींच्या दुकानाला पाटी कधीच नव्हती. ट्रकच्या चाकांवर लोखंडी पाट्यांची जी थप्पी असते, सगळं वजन झेलणारी, तिला कमान म्हणतात. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ज्याची कमान तुटे तो कवठा फाट्यापर्यंत गाडी रेटत आणी आणि घणाच्या आवाजावरून दुकान शोधी. हंगामात रुईच्या गाठी भरलेले ट्रक एकामागे एक उभे असत. मिस्त्री पाटा भट्टीत लाल करत, ऐरणीवर ठोकून बाक देत, पाण्यात बुडवत आणि पुन्हा चढवत. हिंगणघाटहून ते इथे आले १९७९ साली, पंचविसाव्या वर्षी. तेव्हा फाट्यावर सत्तरेक घरं होती. चार हॉटेलं, एक पंजाबी धाबा, दोन टायरवाले, आणि रस्त्यापलीकडे कापसातून सरकी वेगळी करणारं जिनिंग.

२०१२ च्या दिवाळीच्या सुमारास घरं उरली एकतीस. जिनिंग बंद होऊन आठ वर्षं झाली होती. आधीच्या वर्षी चौपदरी रस्ता तीन किलोमीटर पूर्वेकडून, शेतांतून, उंच भरावावरून गेला आणि ट्रक तिकडे गेले. एका सोमवारी सकाळपासून दुपारपर्यंत एकही ट्रक आला नाही. मिस्त्रींना वाटलं, कुठे तरी चक्काजाम असेल.

मधल्या वर्षांत या भागात पाहुण्यांच्या गाड्या फार आल्या. कापसाचं काय झालं, शेतकरी जीव का देतात, ते बघायला मुंबई-दिल्लीहून माणसं येत. खेड्यांच्या रस्त्यांनी त्यांच्या जिपांच्या कमानी जात आणि त्या मिस्त्रींकडेच येत. एका साहेबांनी पाटा बसेपर्यंत बाकावर बसून विचारलं, "तुमच्याकडे शेती किती?"

"शेती नाई साहेब. आमी रस्त्यावरचे लोक."

साहेबांनी वही मिटली आणि चहा मागवला.

ट्रक गेले तरी बस होती. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तालुक्याला जाणारी आणि संध्याकाळी पाचला परतणारी. मिस्त्रींची नात नुजहत त्या बसने कॉलेजला जाई. ती बारावीला होती, सायन्सला. तिचा बाप अफरोज आदिलाबादला एका गॅरेजात कामाला होता. एका खोलीत चार मिस्त्री राहत, आणि तिची आई ती लहान असतानाच वारलेली, त्यामुळे पोरगी आजी-आजोबांकडे. फाट्यावरून बारावी सायन्सपर्यंत गेलेली ती पहिली मुलगी. तिला औषधनिर्माणाचा डिप्लोमा करायचा होता आणि हे ती कोणाला सांगत नसे. सांगत असे ती तिची आजी जैबुनबी, हातपंपावर, रोज.

ऑक्टोबरच्या शेवटी वाहकाने सांगितलं, "मिस्त्री, एक तारखेपासून गाडी नव्या रस्त्यानं."

नुजहतने अर्ज लिहिला. एक्केचाळीस सह्या-अंगठे झाले. अर्ज घेऊन मिस्त्री आगारात गेले. तिथले वाहतूक निरीक्षक मंदार नावाचे, तिशीतले, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मिस्त्रींना खुर्ची दिली, अर्ज पूर्ण वाचला आणि तिकिटांच्या यंत्रातून निघालेले कागद पुढे ओढले.

"मिस्त्री, कवठा फाट्यावरून सहा महिन्यांत अकरा तिकिटं गेली आहेत."

"अकरा?" मिस्त्री हसले. "साहेब, सकायच्या गाडीत आमचेच वीस-पंचवीस माणसं असतेत."

"चढतात कुठे?"

"पुलावर."

"पूल म्हणजे खैरगाव," मंदार म्हणाले. "तुमची सगळी माणसं इथे खैरगावची आहेत. आणि खैरगाव नव्या रस्त्यावरही आहे. गाडी तिकडून नेली तर या कागदाप्रमाणे एकही प्रवासी तुटत नाही."

पुलाचं सगळं मिस्त्रींना ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच सुरू केलं होतं.

पंधरा वर्षांपूर्वी, एका हंगामात कापूस झाडावरच सडला आणि ट्रक निम्म्यावर आले, तेव्हा एका वाहकाने बोलता बोलता मिस्त्रींना भाड्याचा तक्ता दाखवला होता. बसचं भाडं टप्प्याने लागतं. फाट्यापासून अर्धा मैल पुढे नाल्यावर जुना पूल, तिथे एक टप्पा संपून दुसरा सुरू होतो. पूल खैरगावच्या शिवारात, म्हणून तक्त्यात त्या टप्प्याचं नाव खैरगाव. खैरगाव गाव मात्र पुलापासून चार किलोमीटर पुढे. फाट्यावर चढलं तर एक टप्पा जास्त, पुलावर चढलं तर कमी. मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितलं, गाडीला पुलावर चढा, उतरतानाही पुलावरच उतरा. लोकांनी ऐकलं. पुढे भाव आले, गेले, पण चाल मोडली नाही. फाट्यावर लग्न होऊन आलेल्या सुनेला पाणी कुठलं भरायचं आणि गाडीला कुठे चढायचं, या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी सांगितल्या जात. फाट्यावरून बसमध्ये चढतो तो पाहुणा, असं समजायचं.

नुजहतच्या पासवरही 'खैरगाव ते' असंच लिहिलेलं होतं. तो फॉर्म मिस्त्रींनी स्वतः भरून दिला होता.

"एक करता येईल," मंदार म्हणाले. "आठ दिवस थांबतो. या आठ दिवसांत फाट्यावरून, फाट्याच्या नावानं, सकाळच्या फेरीला पंधरा तिकिटं गेली पाहिजेत. रोज. मग मी वर लिहू शकतो. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

मिस्त्री परत आले आणि पंधरा वर्षांपूर्वीसारखेच घरोघर फिरले. या वेळी घरं कमी होती, म्हणून लवकर झालं.

पहिल्या दिवशी फाट्यावर चौदा माणसं जमली. चहाच्या हॉटेलवाला प्रेमसिंग पंधरावा. त्याला तालुक्याला काही काम नव्हतं. तो खैरगावला उतरून पायी परत येणार होता.

"मिस्त्री, माह्या हाटेलात कोणी येत नाई म्हून मीच गाडीत बसून दुसऱ्याच्या हाटेलात चहा प्यायले चाललो," तो म्हणाला.

"पी ना बाप्पा. पन तिकीट फाट्याचं घेजो."

"आन् वापस येताना पाय दुखले तं कमान तू बसवून देशीन काय?"

सगळे हसले. बस थांबली तेव्हा चालकाने आश्चर्याने ब्रेक जरा जोरातच दाबला. वर्षानुवर्षं त्या ठिकाणी त्याने वेग कमी केला नव्हता.

बस पुलावर पोचली तर तिथे बिजलीबाई उभी. फाट्याजवळच्या तांड्यावरची ही बाई या दिवसांत सीताफळांची टोपली घेऊन रोज बाजाराला जाई. टोपली टपावर चढवून आत आली तशी मिस्त्रींनी तिला गाठलं.

"बिजलीबाई, काल काय सांगतलं होतं मी?"

"फाट्यावर चढा म्हून सांगतलं."

"मंग इथं काहून?"

"पाय आले इकडं," बिजलीबाई म्हणाली. "पंधरा वर्सं तूच तं चालवलं मिस्त्री मले पुलावर. आता एका राती कसं सुटन?" आणि मग वाहकाला म्हणाली, "दे रे भाऊ, फाट्याचं दे. मिस्त्रीचं मन राख."

वाहकाने यंत्राकडे पाहून नकारार्थी मान हलवली. ती पुलावर चढली होती, तिकीट खैरगावचंच निघणार होतं.

दुसऱ्या दिवशी तेरा झाली. तिसऱ्या दिवशी वेचणी जोरात सुरू झाली. बायका सहालाच वावरात जाऊ लागल्या. वेचणीचे दिवस वर्षात थोडे, त्यात गाडी मोजायला कोण थांबणार? चार घरं वेचणीसाठी आदिलाबादकडे गेली ती पोरांसकट. चौथ्या दिवशी नऊ. प्रेमसिंगचा गुडघा सुजला. पाचव्या दिवशी मिस्त्री, जैबुनबी आणि नुजहत धरून सात. जैबुनबी लग्नानंतर पहिल्यांदाच विनाकारण बसमध्ये बसली होती आणि खिडकीची जागा मिळाली म्हणून नातीजवळ समाधानाने काही तरी बोलत होती. मिस्त्री मागे उभे राहून बसलेली डोकी पुन्हा पुन्हा बघत होते. डोकी वाढली नाहीत.

आठव्या दिवशी पाच. आगारातला एक माणूस पुढच्या दाराजवळ वही घेऊन बसला होता. त्याने पाच लिहिलं. पुलावर नऊ जण चढले, ते त्याने खैरगावात लिहिले.

नंतर मंदारांनी फोन केला. त्यांनी करायलाच हवा होता असं काही नव्हतं. "मिस्त्री, मी प्रयत्न केला," ते म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "तुमची काय चूक साहेब."

त्या संध्याकाळी त्यांनी नुजहतला भट्टीजवळ बसवून सांगितलं, की पुलाची चाल कोणी पाडली.

"मले माहीत हाय दादा," ती आजोबांना म्हणाली.

"कोन सांगतलं?"

"सगळ्यायलेच माहीत हाय. लोक चांगलंच म्हनतेत. मिस्त्रीनं आमचा टप्पा वाचवला म्हनतेत."

भट्टी महिन्याभरात पेटली नव्हती. तरी मिस्त्रींनी सवयीने भात्याचा दांडा तपासला.

बस नव्या रस्त्याने जाऊ लागली. नव्या रस्त्याचा भराव दोन पुरुष उंच, कडेला लोखंडी कठडा, आणि मधे थांबा नाही. राहिला खैरगावचा थांबा, फाट्यापासून जवळजवळ पाच किलोमीटर. जुन्या रस्त्याने आता नेमाचं वाहन नाही, दोन्ही बाजूंनी बाभळी आत आलेल्या, आणि कपाशीत रानडुकरं. सकाळी सहाला निघायचं, संध्याकाळी साडेपाचला खैरगावला उतरून अंधारात परत यायचं. मिस्त्री सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालत. येताना सायकल उपयोगी पडेल, असं ते म्हणत. पण चाळीस वर्षं घण उचलून त्यांचा डावा खांदा आणि कंबर गेली होती. त्यांच्याच्याने पायडल मारवत नसे. ते येतानाही सायकल ढकलतच येत.

अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी मिस्त्रींना अंथरुणावरून उठता आलं नाही. नुजहत म्हणाली, मी एकटी जातो. जैबुनबी दारात आडवी उभी राहिली.

"अंधारात? त्या रस्त्यानं? तुह्या बापाले मी काय तोंड दाखवू?"

"दादी, पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल हाय."

"तं मी काय करू माय? तूच सांग, मी काय करू?"

हा प्रश्न टोमणा नव्हता. जैबुनबीला खरंच उत्तर हवं होतं. नुजहतने ते शोधून पाहिलं, आणि दप्तर खुंटीला लावलं.

अफरोजचा फोन आला. त्याचंही म्हणणं तेच पडलं. तालुक्याला खोली करून पोरीला ठेवायचं तर तिच्याबरोबर राहायला कोण? जैबुनबी गेली तर मिस्त्रींना पाणी कोण देणार? बाहेरून परीक्षा द्यावी, तर चौकशी करता कळलं की बाहेरून आर्टला बसता येतं, सायन्सला नाही, प्रॅक्टिकल असतात. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर बोलत होता. मिस्त्रींनी अशी कमान पाहिली होती. एकेक पाटा धड असतो आणि तरी गाडी उभी राहत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कंबर थोडी सैल झाल्यावर, खत आणायला तालुक्याला जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवर बसून आजोबा आणि नात कॉलेजात दाखला काढायला गेले. तिथला बाबू वयस्कर होता, घाईत नव्हता. त्याने नुजहतचे अकरावीचे मार्क पाहिले आणि मान वर केली.

"काहून काढून राह्यले पोरीले? चांगली हाय हे."

"गाडी बंद झाली," मिस्त्री म्हणाले.

"कोनती गाडी? गाडी तं येते. सकायीच आली."

"आमच्या फाट्यावून."

"पत्ता तं खैरगाव हाय हिचा."

"पासासाठी तसा लिवला होता."

बाबूने चष्मा वर सरकवला, फॉर्मवर बोट फिरवलं. कॉलेज सोडण्याच्या कारणासमोर चार पर्याय छापलेले होते. बदली, विवाह, आजारपण, घरगुती अडचण.

"मंग काय लिवू?"

"गाडी बंद झाली लिवा."

"तसं नाई लिवता येत मिस्त्री. ह्यातलंच एक घ्या लागते."

मिस्त्रींनी चारही पुन्हा वाचले, ओठ हलवत. मग नुजहतकडे पाहिलं. ती खिडकीतून प्रयोगशाळेकडे बघत होती. आत तिच्या वर्गातली मुलं पांढरे कोट घालून रांगेत उभी होती आणि कोणी तरी हसत होतं.

"घरगुतीच लिवा," ती म्हणाली, वळून न बघता.

बाबूने त्या चौकोनात खूण केली आणि पेन मिस्त्रींच्या हातात दिला.