सुनीलचा जास्तीचा तुकडा

आमच्या अंबरनाथच्या लॅबमध्ये निकाल वर्षाकाठी एखादा लागतो, किस्से मात्र रोज साठतात. सांगायला गेलं तर आधी काम समजावून सांगावं लागतं, आणि त्याचाच आता कंटाळा आलाय. थोडक्यात, माणसाच्या डीएनएमध्ये काही तुकडे दोन-दोन ठिकाणी सापडतात. त्यातला मूळ कुठला, नक्कल कुठली आणि ती कधी झाली, हे आम्ही चिंपांझीसारख्या वानरांच्या डीएनएशी ताडून बघतो.

*

आमच्या म्हात्रे मॅडम मोरिवलीच्या. त्यांच्या काकांनी हे ऐकून विचारलं, "म्हंजे एकाच जमिनीचे दोन सातबारे?"

"तसंच काहीतरी."

"मं मूल मालक कोन, त्यो माकड सांगनार?"

मॅडम म्हणाल्या, "हो काका. आणि ते पैसे खात नाही."

*

सुनील बदलापूरचा, शिरगावात राहणारा. पीएचडी रखडलेली. सॅम्पल म्हणून त्यानं स्वतःचंच रक्त दिलं होतं. त्यात एक तुकडा दोन ठिकाणी दिसला, आणि वानरांत तो एकाच ठिकाणी होता. ही नक्कल खरी निघाली तर पीएचडी पदरात, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात कॉम्प्युटर अडकायला लागला. आम्ही तो उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या नेहमीच्या सिंधी दुकानदाराकडे टाकला. संध्याकाळी शेठ खुशीत होते. "साईं, अंदर सब डबल-डबल पडा था. एक-एक रख के बाकी उडा दिया. देखो, कितनी जगह हो गई!"

सुनील दुकानाच्या पायरीवरच बसला. बॅकअपमधून सगळं परत उभं करण्यात आमची गणपतीची सुट्टी गेली.

*

मग मॅडमना शंका आली. प्रत्येक तुकड्याची एक प्रत आपल्याला आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्हींत फार फरक असला तर कॉम्प्युटर फसतो आणि त्या दोन वेगळ्या जागा धरतो. खात्रीसाठी सुनीलच्या आई-बाबा दोघांचंही रक्त हवं होतं. आम्ही शिरगावला गेलो.

सुनीलचे बाबा बाही वर करत म्हणाले, "घेताच आहात तर शुगर पण बघून टाका."

*

निकाल आला. जास्तीचं काहीच नव्हतं. एक प्रत आईची, एक बाबांची. मला फार वाईट वाटलं, म्हणून त्याला घरापर्यंत सोडायला गेलो.

जेवताना तो म्हणाला, "आई, तुमच्या दोघांच्या तुकड्यांत इतका फरक आहे, की मशीनला ते एकाच जागेचे वाटलेच नाहीत. सगळं पाण्यात गेलं."

आईनं त्याला भात वाढला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "ऐकलंत का? मशीनपण तेच म्हणतंय. मी तीस वर्षं दुसरं काय सांगतेय?"

आतून बाबा म्हणाले, "ते राहू दे. शुगर किती निघाली, विचार त्याला."